धुक्यातला चकवा

डिसेंबरच्या अखेरीस सकाळी साडेसहाच्या सुमारास कारध्याच्या काठावर उभे राहिले, तर वैनगंगा दिसण्याआधी ऐकू येते. समोरच्या तीरावर भंडारा शहर आहे, नदीवर जुना लहान पूल आणि महामार्गाचा मोठा पूल आहे, हे केवळ ठाऊक असते; डोळ्यांपुढे असतो तो दुधात राख कालवावी तसा एक पडदा. रात्रीतून हवा गार झालेली असते, पाण्याने मात्र आदल्या दिवसाची ऊब धरून ठेवलेली असते, आणि त्या पाण्यावरून उठलेली वाफ थंड हवेत धुके होऊन तरंगत राहते. मग पडद्याच्या आतून कोठून तरी एक आवाज येतो. बदकाच्या आवाजासारखा, पण त्याहून भारदस्त, नाकातून काढल्यासारखा. दुसरा आवाज त्याला उत्तर देतो. बऱ्याच वेळाने धुके विरळ होते आणि पाण्याच्या कडेला दोन नारिंगी ठिपके उमटतात.

ते ठिपके म्हणजे चकव्याची जोडी. संस्कृत कवींचा चक्रवाक तो हाच. मराठी पक्षिनिरीक्षक त्याला ब्राह्मणी बदक म्हणतात आणि हिंदीत तो सुरखाब. एखादा फार तोऱ्यात वागू लागला, की त्याला सुरखाबाचे पर लागले आहेत काय, असा टोमणा हिंदीत मारतात. विदर्भातील घरांत हिंदी इतकी मिसळलेली आहे, की हा टोमणा ओळखीचा असलेली माणसे पुष्कळ निघतील. तो सुरखाब थंडीत आपल्याच नदीवर उतरतो, हे ठाऊक असलेली त्या मानाने थोडी. मराठीत ‘चकवा’ या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे. ओळखीच्या वाटेवर माणसाची दिशाभूल होते, तो फिरून फिरून त्याच जागी येतो, तेव्हा त्याला चकवा लागला असे म्हणतात. या पक्ष्याचे चित्र काढू पाहणाऱ्याला दोन्ही अर्थांचा अनुभव येतो.

हिवाळ्यातील पक्षिचित्र शिकायचे म्हटले, की शिकणाऱ्यापुढे बहुधा एकच नमुना ठेवला जातो. बर्फाने लवलेली फांदी, तिच्यावर तांबड्या छातीचा लहानसा पक्षी, मागे निळसर पांढरी टेकडी. शुभेच्छापत्रांवर हेच चित्र असते आणि जलरंगाच्या परदेशी पाठांतही हेच असते. त्यात वाईट काही नाही. ज्यांच्या अंगणात बर्फ पडतो त्यांचा तो हिवाळा आहे. पण भंडारा जिल्ह्यातील मुलगा तो नमुना गिरवतो, तेव्हा त्याने न पाहिलेला पक्षी न पाहिलेल्या ऋतूत बसवलेला असतो. चित्र नीटनेटके होते, घरातील मंडळी कौतुक करतात, आणि मुलाला मात्र कोठे काय चुकले हे कधीच कळत नाही; कारण ताडून पाहायला त्याच्याजवळ काही नसते.

चकव्याच्या बाबतीत तर हा घोटाळा दुहेरी होतो. हा पक्षी उन्हाळ्यात लडाख, तिबेट आणि मध्य आशियातील उंच प्रदेशांतल्या सरोवरांकाठी राहतो, कड्यांच्या कपारींत किंवा बिळांत घरटे करतो. ऑक्टोबरच्या सुमारास तेथील पाणी गोठू लागले, की तो खाली येतो. म्हणजे आपल्या नदीवर दिसणारा चकवा बर्फ सोडून निघालेला प्रवासी आहे. त्याच्या मागे बर्फ रंगवणे म्हणजे ज्या गोष्टीपासून तो दूर आला तीच पुन्हा त्याच्या पाठीशी नेऊन ठेवणे.

कारध्याचा हिवाळा कसा असतो, हे शिकणाऱ्याला आधी पाहावे लागते. धान कापून झालेले असते. बांध्यांमध्ये उरलेली खुंटे पहाटे दवाने राखाडी आणि दहाच्या उन्हात फिकी सोनेरी दिसतात. त्याच बांध्यांत, धान उभे असतानाच फेकलेली लाखोळी आता हिरवी होऊन पसरलेली असते; पुढे तिला लहान निळसर जांभळी फुले येतात. तणसाचे ढीग, शेकोटीचा धूर सरळ वर न जाता आडवा पसरलेला, नदीकाठच्या ओल्या मातीचा काळसर तपकिरी पट्टा. धरणाच्या पाण्याचाही या चित्रात वाटा आहे. गोसीखुर्दचा जलाशय भरला, की त्याचा फुगवटा भंडाऱ्यापर्यंत चढतो, वाळूची बेटे बुडतात आणि नदीचे तळे होते. पाणी उतरले, की काठ पुन्हा उघडे पडतात. पक्षी आपली जागा त्याप्रमाणे बदलतो. गेल्या वर्षी जेथे बसून चित्र काढले तेथेच यंदाही तो दिसेल, असे धरून चालता येत नाही.

उजेडाचेही एक गणित आहे. भंडारा उत्तर अक्षांश २१ च्या थोडे वर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास येथे भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच चढतो. म्हणजे उभ्या काठीची सावली बारा वाजताही काठीएवढीच लांब असते. सकाळी आठला ती काठीच्या कितीतरी पट असते. मे महिन्यात हीच सावली काठीच्या पायाशी गोळा होऊन बसते. चित्रातला हिवाळा ओळखू येतो तो अशा लांब, तिरप्या सावल्यांवरून. मात्र धुके असेपर्यंत सावलीच पडत नाही, कारण उजेड सर्व बाजूंनी सारखा येत असतो. नवशिक्याची एक ठरलेली चूक येथे होते: तो मागे धुके रंगवतो आणि पक्ष्याच्या पायाशी ठळक निळी सावली काढतो. एकाच कागदावर सकाळचे सात आणि दहा दोन्ही वाजतात.

जैन घरातील मुलाला चकवा तसा लहानपणापासून माहीत असतो. चोवीस तीर्थंकरांची लांछने पाठ करताना पाचव्या सुमतिनाथांपाशी तो येतो. दिगंबर परंपरेत त्यांचे लांछन चकवा, श्वेतांबर परंपरेत क्रौंच. मूर्तीच्या पादपीठावर मध्यभागी कोरलेली ती इवलीशी आकृती पाहून मूर्ती कोणाची हे ओळखायचे असते. तेथे शिल्पकाराला पक्ष्याचे प्रत्येक पीस दाखवण्याचे कारण नव्हते. चोच, वळलेली मान, मिटलेले पंख एवढ्यावर खूण पूर्ण होते. पश्चिम भारतातील कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांतही हंस आणि मोर आहेत, वस्त्रांच्या नक्षीत आणि पानांच्या कडांना ओळीने चालणारे. तेही खुणेचेच पक्षी. खूण आणि हुबेहूब चित्र यांत उच्चनीच काही नाही. दोन्हींची कामे निराळी आहेत. अडचण एवढीच, की हाताला खूण काढण्याची सवय लागलेली असते. शिकणारा नदीकाठी बसून समोरचा पक्षी पाहतो आणि कागदावर पादपीठावरचा काढतो.

ही सवय मोडायची तर पक्षी जवळून, पुष्कळ वेळ पाहिला पाहिजे. आणि रानातला पक्षी जवळ येऊ देत नाही. हुबेहूब पक्षिचित्रांच्या साऱ्या इतिहासात ही अडचण आहे, आणि ती ज्या रीतीने सोडवली गेली ती रीत वाचून मन खिन्न होते. अमेरिकेतील पक्ष्यांची चित्रे काढणारे जॉन जेम्स ऑडुबॉन यांचे नाव या कलेत सर्वांत मोठे मानले जाते. १८२७ ते १८३८ या काळात त्यांच्या महाग्रंथाची ४३५ चित्रे छापली गेली, पक्षी प्रत्यक्षात जेवढा तेवढ्याच आकाराची. त्यासाठी ते पक्षी बंदुकीने टिपत, ताजे असतानाच त्यांच्या शरीरातून तारा घालून त्यांना फळ्यावर हव्या त्या ढबीत उभे करत आणि मागे आखलेल्या चौकोनांच्या आधारे मापे उतरवत. चित्रांतील पक्षी झेपावतात, भांडतात, पिलांना भरवतात. ते सारे मेलेले होते.

आपल्याकडील कथाही याहून फार वेगळी नाही. सालिम अलींच्या पक्षिशास्त्राचा प्रारंभ लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीपासून झाला. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून कुतूहल जागे झाले आणि ती चिमणी घेऊन तो मुलगा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पोहोचला. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेत पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण होते. आज दुर्बीण घेऊन हिंडणारा निरीक्षक ज्या पुस्तकावरून पक्षी ओळखतो, त्या पुस्तकामागचे बरेचसे ज्ञान अशा खणांतून आले आहे. ते नाकारून चालणार नाही, आणि म्हणून पुढेही तसेच करावे असेही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तर तो प्रश्न उरलेलाच नाही.

परंतु जिवंत पक्ष्यावरून चित्र काढणाराही एक जण भारतात होऊन गेला, ऑडुबॉनच्या दोनशे वर्षे आधी. जहांगीर बादशहाच्या पदरी उस्ताद मन्सूर हा चित्रकार होता. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून काही अपरिचित प्राणी आणि पक्षी आणले, त्यांत टर्की होती. जहांगीराने आपल्या आठवणींत त्यांचे वर्णन लिहिले आणि नुसत्या वर्णनावर न थांबता चित्रकारांना त्यांची चित्रे काढण्याची आज्ञा केली. बाबराने प्राण्यांचे वर्णन केले, पण चित्रे काढून घेतली नाहीत, असे त्याने तेथे नमूदही केले आहे. मन्सूरने काढलेली टर्की लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्याचा सायबेरियन क्रौंच कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. पायांवरच्या कातडीच्या सुरकुत्यांपर्यंत सारे त्यात आहे. युरोपीय शास्त्रज्ञांनी त्या क्रौंचाला १७७३ मध्ये शास्त्रीय नाव दिले, त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीचे हे चित्र. २००२ नंतर हा पक्षी भरतपूरलाही आलेला नाही. मन्सूरला बादशाही पक्षिसंग्रहाची सोय होती, आणि बंदिवासातील पक्षी रंगवणे हेही निर्दोष म्हणता येणार नाही. तरी त्याच्या चित्रांकडे पाहताना एक जाणवते, की त्याचे पक्षी काही विशेष करत नाहीत. नुसते उभे असतात, स्वतःच्या वजनाने.

चकव्यापाशी शिकणाऱ्याला जे साधायचे असते ते हेच, वजन. सुदैवाने या बाबतीत चकवा मोठा सोयीचा आहे. तो चरतो मुख्यतः संध्याकाळी आणि रात्री. दिवसाचा बराच वेळ पाण्याच्या कडेला उघड्यावर विसावलेला असतो. रात्री चक्रवाकाची जोडी ताटातूट होऊन नदीच्या दोन तीरांवरून एकमेकांना हाका मारते, असा एक जुना कविसंकेत आहे. रात्री चरताना दोघे पांगतात आणि साद घालत राहतात, हे कोणी तरी काठावर जागून ऐकले असले पाहिजे. चित्र काढणाऱ्याच्या वाट्याला मात्र त्यांचा दिवस येतो, एका पायावर उभे राहून चोच पाठीच्या पिसांत खुपसलेला.

तरीही तो सावध असतो. माणूस शंभर-दीडशे मीटरच्या आत आला, की आधी मान उंच होते, मग आवाज, मग पंखांवरचे पांढरे पट्टे चमकवत जोडी उडून जाते. जवळ जाण्याचा मोह येथे आवरावा लागतो. थंडीत प्रत्येक उड्डाणाची किंमत पक्षी आपल्या अंगातील चरबीतून भरत असतो, आणि त्याच चरबीवर त्याला एप्रिलपूर्वी हिमालय पुन्हा ओलांडायचा असतो. ज्याच्यामुळे पक्षी उडाला तो त्या दिवसापुरता वाईट चित्रकार ठरला, असे समजायला हरकत नाही. मान उंच होताच आहे तेथेच बसून राहावे. दहा मिनिटांत मान पुन्हा खाली येते.

शंभर मीटरवरून किती दिसते? पक्ष्याची लांबी सुमारे ६५ सेंटीमीटर. हात लांब करून धरलेल्या पेन्सिलीवर तो जेमतेम ४ मिलिमीटर भरतो, तांदळाच्या दाण्याहून लहान. आठपट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तोच बारा-तेरा मीटरवर असल्यासारखा दिसतो. येथे शिकणाऱ्याला एक निर्णय घ्यावा लागतो आणि पुष्कळांना तो घ्यावा लागतो हेच कळत नाही. दुर्बिणीतून पाहिलेला पक्षी पिसान्‌पिसासह मोठा काढायचा आणि भोवतालची नदी मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसते तेवढी विस्तीर्ण ठेवायची, असे केले, की पक्षी चित्रात बसत नाही. कातरून चिकटवल्यासारखा वर येतो. पक्षी मोठा हवा असेल तर नदीचाही तेवढाच तुकडा घ्यावा: पायाजवळची चार हात ओली वाळू, थोडे पाणी, बाकी धुके. सबंध पात्र हवे असेल तर पक्षी दाण्याएवढा राहू द्यावा आणि त्या दाण्यातली मानेची वळण तेवढी अचूक साधावी.

वहीत पहिल्या दिवशी अंडे काढावे. विसावलेल्या पक्ष्याचे धड अंड्याच्या आकाराचे असते, आणि थंडीत तो पिसे फुलवतो तेव्हा ते अधिकच गोल होते. उन्हात तोच पक्षी सडपातळ दिसतो. अंड्याचा कल किती, पाय त्याच्या कोणत्या भागाखाली येतात, एवढेच पाहावे. पाय चुकीच्या जागी लागले, की पक्षी पुढे कोसळतो, मग पिसे कितीही सुरेख असोत. पायाचा जो सांधा मागे वळलेला दिसतो तो गुडघा नव्हे, घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. हे एकदा समजले, की पक्ष्यांचे पाय उलटे का असतात हा बालपणापासूनचा प्रश्न मिटतो. सरावासाठी रोज चकवा शोधण्याचीही गरज नाही. बांधावरचा भुरा बगळा, ज्याला वंचक म्हणतात, मिनिटेच्या मिनिटे हलत नाही. त्याच्याइतका धीराचा नमुना पैसे देऊन मिळणार नाही.

वहीच्या कडेला शब्दही लिहावेत. डोके फिके, बदामी. मान त्याहून गडद. धड विटकरीकडे झुकलेले नारिंगी. शेपूट आणि पंखांची टोके काळी. चोच आणि पाय काळे. मादीचा चेहरा नराहून अधिक पांढुरका. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांधला काढलेल्या वर्षांतून मराठीला पक्ष्यांची कितीतरी नावे मिळाली. नवेगावबांध आज गोंदिया जिल्ह्यात असले तरी १ मे १९९९ पर्यंत ते भंडारा जिल्ह्यातच होते. नाव लिहून ठेवायचे तर आधी नीट पाहावे लागते, आणि रंगाचा नेमका शब्द शोधतानाही तेच होते.

रंगकाम घरी. थंड, दमट हवेत कागद सावकाश वाळतो, आणि धुके रंगवायला नेमके तेच हवे असते. मे महिन्यात भंडाऱ्यात ओला कागद कुंचला उचलेपर्यंत कोरडा होतो. डिसेंबरात त्यावर दहा मिनिटे रंग हलवता येतो. जाड कागद दोन्ही बाजूंनी भिजवावा, फळ्यावर पसरावा, आणि अल्ट्रामरीन निळा व बर्न्ट सिएना हे दोनच रंग भरपूर पाण्यात मिसळून राखाडी करावा. निळा किंचित जास्त झाला तर गारवा येतो, सिएना जास्त झाला तर उन्हाची चाहूल. वरून खाली तो सोडत जावा. दूरचा काठ याच ओल्यात, कडा विरघळू देत काढावा. कागद पुरता वाळल्यावर पक्षी, आणि त्याचा मुख्य रंग पुन्हा तोच बर्न्ट सिएना, थोड्या पिवळ्या ऑकरसह. धुक्यात जो रंग निळ्याखाली दडला होता तोच पक्ष्यात उघडा होतो. म्हणून इतका झगझगीत पक्षीही त्या राखाडीत परका वाटत नाही.

खरी गडबड काळ्या रंगाशी होते. नवशिका नळीतला काळा घेतो आणि शेपूट रंगवतो. चित्रात भोक पडते. धुक्यातून पाहिलेला काळा कधीच पूर्ण काळा नसतो. मध्ये जेवढी हवा तेवढा तो निळसर राखाडी होतो. तेच दोन रंग कमी पाण्यात घट्ट मिसळले, की जो खोल काळपट रंग होतो तो येथे अचूक बसतो. आणखी एक गोष्ट जैन घरात तरी सांगितली पाहिजे. ‘आयव्हरी ब्लॅक’ या नावाने मिळणारा काळा पूर्वी हस्तिदंत जाळून करत, आता हाडे जाळून करतात. काजळीपासून केलेला ‘लॅम्प ब्लॅक’ वेगळा. दोन्ही नळ्या दुकानात शेजारी ठेवलेल्या असतात.

पिंछी मोराने आपणहून टाकलेल्या पिसांची असते, हे ज्या घरात माहीत आहे तेथे कुंचला कोणाच्या केसांचा, हा प्रश्न निघणारच. जलरंगाचे नावाजलेले कुंचले एका जातीच्या विजलाच्या शेपटीच्या केसांचे असतात, काही खारीच्या केसांचे. आपल्याकडे मुंगसाच्या केसांचे कुंचले वर्षानुवर्षे विकले गेले. मुंगूस कायद्याने संरक्षित आहे आणि तसे कुंचले बनवणे व विकणे हा गुन्हा आहे, तरी ते अधूनमधून पकडले जातात. कृत्रिम धाग्याचे कुंचले पाणी थोडे कमी धरतात, म्हणून मोठा हात मारताना दोनदा बुडवावे लागतात. त्यापलीकडे शिकणाऱ्याचे काही अडत नाही. रंग बांधणारा डिंक बाभळीच्या जातीच्या झाडाचा. पण काही परदेशी रंगांत ओलावा टिकावा म्हणून मध घालतात, आणि काही महागड्या कागदांना पाणी पटकन शोषले जाऊ नये म्हणून जिलेटिन लावलेले असते. वेष्टन वाचावे, न समजल्यास दुकानदाराला विचारावे. हे सारे शोधून काढणे कटकटीचे आहे, आणि ज्याला ते नको त्याने निदान माहीत नसल्याचे सोंग करू नये.

पिसे रंगवताना हात आवरता घ्यावा. शंभर मीटरवरून पिसे दिसत नाहीत, पिसांचे समूह दिसतात: खांद्यावरचा, पंखाचा, कुशीचा. समूहांच्या मधली सावली जागेवर पडली, की बाकीची पिसे पाहणाऱ्याचा डोळा स्वतः भरून घेतो. पंखावरचा पांढरा भाग हा कोरा सोडलेला कागद; बसलेल्या पक्ष्यात त्याची बारीक रेघ दिसते वा दिसतही नाही, आणि पुस्तकात वाचले म्हणून ती जाड काढण्याचा मोह मन्सूरलाही झाला नसता. डोळा शेवटी. त्यात आकाशाच्या उजेडाचा एक सूक्ष्म ठिपका सोडायचा. धुक्याच्या सकाळी तो फार तेजस्वी नसतो.

प्रतिबिंबाने पुष्कळांना फसवले आहे. वरचा पक्षी जसाच्या तसा उलटा काढून चालत नाही, कारण पाणी पक्ष्याला खालून पाहते. त्यात पोट अधिक दिसते, पाठ कमी. उजळ भाग पाण्यात थोडा मंद होतो आणि काळा भाग थोडा फिका, म्हणजे दोघे एकमेकांजवळ सरकतात. पाणी हलते असेल तर आडव्या दोन-तीन रेषांनी ते तोडावे. धुके दाट असेल तर प्रतिबिंब नुसता एक नारिंगी श्वास असतो, आणि तो ओल्या कागदावर एका स्पर्शात आला तर आला. पुन्हा गिरवला की चिखल होतो, आणि कागद बदलावा लागतो.

कागद बरेच बदलावे लागतात. एका हिवाळ्यात चाळीस-पन्नास रेखाटने आणि त्यातून घरी घेतलेली सात-आठ चित्रे, त्यांतले एखादे भिंतीवर लावण्याजोगे, हा हिशेब कोणालाही निराश करण्यासारखा नाही. घरच्यांना मात्र तो पटवून द्यावा लागतो. पहाटे सहाला मफलर गुंडाळून नदीवर गेलेली मुलगी नऊला परतते आणि वहीत चार अंडी दाखवते, तेव्हा आजीने हसू आवरावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

जानेवारीत धुके कमी दिवस येते. फेब्रुवारीत लाखोळी पिवळी पडू लागते आणि पळसाच्या फांद्यांवर काळपट कळ्या फुगतात. नदीवरची जोडी अजून तेथेच असते. एका सकाळी दुर्बिणीतून पाहताना नराच्या मानेच्या तळाशी एक बारीक काळी कड दिसते, डिसेंबरच्या वहीत नसलेली. काही दिवसांत ती गळ्यातल्या काळ्या दोऱ्यासारखी स्पष्ट होते. विणीच्या हंगामाची ती तयारी असते. ज्याच्या गळ्यात तो दोरा आहे त्या नराचे चित्र हिवाळ्याच्या चित्रांत ठेवू नये. त्याच्यासाठी वहीचे नवे पान उघडावे, आणि ते लवकर उघडावे, कारण एप्रिल लागेपर्यंत काठ रिकामा झालेला असतो.